लॅपटॉप बदलण्याआधी मास्टर ट्रॅककडे बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गावात राहून घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ कसा टाकायचा यावर लेख आला होता. वाचला, आवडला, माईक कसा निवडायचा, खोलीत गोधड्या कुठं टांगायच्या, सगळं बरोबर लिहिलं. पण शेवटी शेवटी एक वाक्य असं टाकलं की मिक्सिंग करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, आवाज तुटत असेल, कडकड येत असेल तर कॉम्प्युटर जुना झाला समजा आणि आय-सेव्हन, ३२ जीबी रॅमवाला घ्या. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहून रायलो, कारण ते वाचून आमच्या भागातले चार पोट्टे उद्या कर्ज काढतील आणि दहातल्या आठांना त्याची काही गरज नाही.

आमचा भाग म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, नागभीड, सिंदेवाही, हा सगळा झाडीपट्टी नाटकांचा पट्टा. दिवाळी झाली की मंडया म्हणजे जत्रा सुरू, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू, आणि रात्रभर नाटक. त्या नाटकांची गाणी, गाडीवर भोंगा लावून गावोगाव फिरवायच्या जाहिराती, भजन मंडळांची खंजेरी भजनं, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, गणपती-देवीच्या आधी डीजेवाल्यांची कामं, एवढं सगळं रेकॉर्ड करायला आता कोणी नागपूरला जात नाही. दोन-चार गावं सोडून एखादा पोट्टा सापडतोच ज्याच्याकडं लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माईक आणि रीपर नाहीतर एफएल स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. मी पण त्यातलाच, फक्त वयानं जरा पुढं, म्हणून अडचण आली की हे पोट्टे माझ्याकडं येतात, आणि येतात ते एकच वाक्य घेऊन, "भाऊ, लॅपटॉप अटकून रायला, आता नवा घ्याच लागते."

मग मी म्हणतो प्रोजेक्ट उघड. उघडलं की ट्रॅककडं, म्हणजे एकेका आवाजाच्या पट्टीकडं, मी बघतच नाही, सरळ मास्टरवर जातो, जिथून सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात. आणि तिथं कोणते प्लगिन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअरं, असतात सांगतो, वरून खाली : लिनिअर फेज ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल बदलणारा), मल्टिबँड कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), टेप सॅच्युरेशन, स्टिरिओ वायडनर, मग एक लिमिटर (आवाज ठरलेल्या हद्दीच्या वर जाऊ न देणारा), मग त्याच्या खाली दुसरा लिमिटर (पहिल्यावर भरोसा नाही म्हणून), आणि शेवटी रंगीबेरंगी ॲनालायझर, तेही दोन. गाणं अजून अर्धं व्हायचं आहे, कोरस गायचा बाकी आहे, ढोलकीचा आवाज कुठं बसवायचा ते ठरलं नाही, आणि मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात, आधीच चालू. काऊन रे बाबा? तर यूट्यूबवर कोणीतरी टेम्प्लेट दिलं, त्यात तसंच होतं. मी मास्टरचं एफएक्स बटण बंद करतो, प्ले दाबतो, कडकड गायब. पोट्टा माझ्या तोंडाकडं बघते.

आता हे काऊन होते ते नीट समजून घेतलं तर नवीन मशीन घेतल्यावरही उपयोगी पडते, म्हणून जरा खोलात जातो, कंटाळू नका. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं. कॉम्प्युटर ते एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्यानं हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात, आणि त्याचा आकार आपण ठरवतो, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असा. १२८ ठेवला तर एका गठ्ठ्याला वेळ मिळतो २.९ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २३ मिलिसेकंद. त्या वेळात सगळ्या ट्रॅकचं, सगळ्या प्लगिनचं गणित करून पुढचा गठ्ठा साऊंड कार्डाला द्यावाच लागते. दिला नाही तर कार्डाकडं वाजवायलाच काही नसते, आणि तो जो खड्डा पडतो तोच आपल्याला कडकड म्हणून ऐकू येतो. म्हणजे प्रोसेसर सरासरी किती कामात आहे याला अर्थ नाही, एका गठ्ठ्याच्या वेळेत काम उरकलं की नाही एवढाच प्रश्न आहे.

म्हणूनच पोट्टे टास्क मॅनेजर उघडून दाखवतात, "भाऊ बघा, सीपीयू तं तीसच टक्के आहे, मंग काऊन तुटते?" अरे तो आकडा सगळ्या कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सगळ्या कामगारांचा, मिळून आहे. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरला वाटून देता येतात, आजकालची सगळी सॉफ्टवेअरं ते आपोआप करतात, पण मास्टरवर एकामागे एक लावलेले सहा प्लगिन वाटून देता येत नाहीत. ईक्यूचं काम झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला आत काही येतच नाही, कॉम्प्रेसरचं झाल्याशिवाय लिमिटरला येत नाही. धान खरेदी केंद्रावर चाळीस ट्रॅक्टर आले आणि काटा एकच आहे, तर हमाल कितीही वाढवा, रांग काट्याच्याच वेगानं सरकणार, तसं हे. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर एक पूर्ण शंभर टक्के भरला तरी टास्क मॅनेजरमध्ये तो साडेबारा टक्केच दिसणार. रीपरमध्ये व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे, तो उघडा, त्यात कोणता ट्रॅक किती खातो ते वेगवेगळं दिसते, आणि मास्टर किती खातो तेही दिसते. अंदाजानं बोलण्यापेक्षा ते बघा.

आणि हे मास्टरिंगचे प्लगिन एवढे जड काऊन असतात? कारण ते बनवणाऱ्यानं गृहीत धरलं असते की हा एकाच जागी, एकाच स्टिरिओ फाइलवर लागणार, बाकी काही चालू नसणार, म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. लिनिअर फेज ईक्यू घ्या. साधा ईक्यू मोजक्या गणितात उरकतो, हा मात्र हजारो सॅम्पल जमा करून मग त्यावर काम करतो, त्यामुळं प्रोसेसर तर खातोच, वरून आवाज उशिरा बाहेर सोडतो. काही सेटिंगला तो उशीर ४०९६ सॅम्पलच्या घरात जातो, म्हणजे जवळपास ९३ मिलिसेकंद. आणि खंजेरी, ढोलकी, तबला असल्या थापेच्या वाद्यांना तर तो वेगळाच त्रास देतो, थापेच्या आधीच एक पुसटशी भुणभुण येते, त्याला प्री-रिंगिंग म्हणतात. आमच्या भजनांत सगळा जीवच थापेत, आणि हे लोक सगळ्या गाण्यावर लिनिअर फेज लावून ती थाप बोथट करून टाकतात, आणि मग म्हणतात माईक भंगार आहे.

दुसरं ओव्हरसॅम्पलिंग. सॅच्युरेशन आणि लिमिटरमध्ये ४ पट, ८ पट, १६ पट असं बटण असते. ८ पट केलं म्हणजे त्या प्लगिनच्या पोटात सेकंदाला ४४,१०० च्या जागी ३,५२,८०० सॅम्पलचं गणित चालू झालं. त्याचा फायदा नाही असं नाही, सॅच्युरेशनमध्ये जी खोटी कर्कश फ्रिक्वेन्सी तयार होते ती कमी होते, लिमिटरमध्ये दोन सॅम्पलच्या मधात लपलेलं खरं शिखर, म्हणजे ट्रू पीक, पकडता येते. पण ढोलकी डावीकडं ठेवू का उजवीकडं हे ठरवताना तुम्हाला ट्रू पीक काय करायचं आहे? शिवाय आता बऱ्याच चांगल्या प्लगिनांत अशी सोय असते की वाजवताना ओव्हरसॅम्पलिंग बंद आणि फक्त रेंडर करताना, म्हणजे शेवटची फाइल काढताना, चालू. ती सोय मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. मॅन्युअल कोणी वाचत नाही, त्यातून प्लगिन क्रॅकचा, म्हणजे चोरीचा, असला तर मॅन्युअल येतच नाही, आणि क्रॅकसोबत आणखी काय काय आत घुसून मागं प्रोसेसर खात बसते तो वेगळाच विषय आहे.

तिसरं लिमिटरचं लुक-अहेड, म्हणजे पुढचा आवाज आधी बघून घ्यायचा आणि मग दाबायचा, त्यासाठी आवाज थोडा थांबवून ठेवावा लागतो. आता गंमत अशी की एका प्लगिननं उशीर केला की सॉफ्टवेअर सगळ्यांना जुळवून घेते, जुळवलं नाही तर हार्मोनियम पुढं आणि गायक मागं असा गोंधळ होईल. पण मास्टरवरच्या उशिराचा फटका बसतो तो रेकॉर्डिंगला. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मास्टरमधून फिरून येतो, आणि तो शंभर-सव्वाशे मिलिसेकंद उशिरा आला की चांगला मुरलेला नाटकातला गायकसुद्धा तालातून सुटतो. मग बाहेर येऊन बोंब होते की गायकाला ताल नाही! त्या माणसानं रात्र-रात्र स्टेजवर ऑर्गन-तबल्यासोबत काढली, त्याला ताल नाही म्हणता, आणि मास्टरवर दोन लिमिटर ठेवून बसता. रेकॉर्डिंगच्या वेळी बफर १२८ किंवा फार तर २५६, मास्टर रिकामा, आणि इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंगचं (गायकाला त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट ऐकवणारं) बटण असेल तर ते दाबा, एवढं केलं तर जुन्या आय-थ्रीवरही गायकाची तक्रार येत नाही. रेकॉर्डिंग संपलं, मिक्सिंगला बसलो, की बफर १०२४ करा, आता उशीर झाला तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. हा एक आकडा बदलायचं कष्ट न घेता पन्नास-साठ हजार खर्च करणारे लोक मी बघितले आहेत.

आणि समजा तुमच्याकडं एकदम दांडगं मशीन आहे, सहा काय सोळा प्लगिन मास्टरवर आरामात चालतात, तरी मिक्स करताना ते लावू नका असंच माझं म्हणणं आहे. कारण लिमिटर चालू असताना तुम्ही गायकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची दांडी, वर केला तर गायक फारसा वर येतच नाही, बाकी सगळं खाली दबते, आणि तुम्हाला वाटते की फेडर काम करून नाही रायला, मग आणखी वर. ढोलकी वाढवली तर लिमिटर तिच्या प्रत्येक थापेला सगळं गाणं दाबतो. तुम्ही ऐकता ते मिक्स नाही, लिमिटरनं सावरून घेतलेलं काहीतरी ऐकता. आणि मोठ्ठं वाजते म्हणून छान वाटते, कानाला मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो, त्यात तुमचं काही कौतुक नाही. दुसऱ्या दिवशी लिमिटर काढून ऐकलं की खरं काय ते कळते, बेस कुठं, गायक कुठं, कोरस कुठं, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

आता काही जाणकार लोक लिहितील की मोठमोठे इंजिनिअर मिक्स बसवर, म्हणजे मास्टरवरच, कॉम्प्रेसर लावूनच मिक्स करतात, मग तुम्ही नाही काऊन म्हणता. बरोबर आहे, करतात, मीही एक हलका कॉम्प्रेसर ठेवतो, एखाद-दोन डेसिबल दाबणारा, आणि तो सुरुवातीपासून ठेवतो, मधातच लावला तर सगळा तोल बदलतो. पण तो साधा, बिनउशिराचा, प्रोसेसरला न जाणवणारा कॉम्प्रेसर आहे. त्याला आणि सहा मजली मास्टरिंग चेनला एकाच मापानं मोजू नका.

मग करायचं काय. माझी पद्धत सांगतो, यात माझं स्वतःचं असं काही नाही, जगभर हेच चालते. मिक्स आणि मास्टरिंग ही दोन वेगळी प्रोजेक्ट. मिक्स झालं, मनासारखं झालं, दोनदा-तीनदा कारमध्ये, मोबाईलवर ऐकून झालं, की मास्टर (तो हलका कॉम्प्रेसर सोडून) मोकळा ठेवून २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोटची एकच स्टिरिओ वेव फाइल काढायची, वर लाल दिवा लागू न देता. मग सगळं बंद, नवीन रिकामं प्रोजेक्ट उघडायचं, त्यात ती एक फाइल टाकायची, आणि आता खुशाल लिनिअर फेज लावा, १६ पट ओव्हरसॅम्पलिंग करा, दोन लिमिटर लावा, कोण अडवते? चाळीस ट्रॅक, व्हर्च्युअल हार्मोनियम, सॅम्पलवाला (आधीच रेकॉर्ड केलेल्या थापांचा) तबला, सगळं बाजूला गेलं, पूर्ण प्रोसेसर त्या एका साखळीला मोकळा. जे प्लगिन मिक्समध्ये मशीन झोपवत होते तेच जुन्या लॅपटॉपवर पळतात. गायक जरा कमी वाटला तर मिक्सच्या प्रोजेक्टमध्ये परत जायचं, अर्धा डेसिबल वाढवायचा, फाइल परत काढायची. लोकांना याचाच कंटाळा येतो, म्हणून सगळं एकाच जागी पाहिजे असते. पण कंटाळ्यासाठी लॅपटॉप बदलणं हा काही मला पटणारा हिशोब नाही.

मिक्समध्येसुद्धा ओझं हलकं करता येते. जे ट्रॅक पक्के झाले ते फ्रीज करा, रीपरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक केलं की फ्रीज मिळते, क्युबेसमध्ये आहे, बाकी ठिकाणी पण कुठल्या ना कुठल्या नावानं आहे. फ्रीज म्हणजे त्या ट्रॅकचे सगळे प्लगिन आवाजात छापून टाकायचे आणि प्लगिन झोपवायचे, नंतर हवं तेव्हा उठवता येतात, काही हरवत नाही. सगळ्यात आधी गायकाच्या सूर सुधारण्याचा प्लगिन छापा, आणि सॅम्पलवाली वाद्यं छापा. कोरसच्या आठ आवाजांवर आठ वेगवेगळे रिव्हर्ब (खोलीत आवाज घुमल्याचा भास देणारे प्लगिन) लावलेले असतात, ते काढा, एकच रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि सगळ्यांना सेंडनं, म्हणजे आवाजाची एक फांदी काढून, तिथं पाठवा, गाणं पण एकाच खोलीत गायल्यासारखं वाटते. आणि एक, प्लगिनच्या स्वतःच्या खिडकीतला बायपास दाबला म्हणजे तो बंद झालाच असं नाही, बरेच प्लगिन आत गणित करतच राहतात, म्हणून बंद करायचं तर सॉफ्टवेअरच्या बाजूनं बंद करा, रीपरमध्ये तर ऑफलाइन करता येते, त्यानं रॅम पण सुटते. प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९६,००० सॅम्पलवर, उगीच ठेवू नका, काम दुपटीनं वाढते आणि त्याच आकड्याच्या बफरला वेळ अर्धाच मिळतो. भोंग्यावर वाजणाऱ्या जाहिरातीला ९६ किलोहर्ट्झ कशाला पाहिजे ते मला आजवर कोणी सांगितलं नाही.

नाटक कंपनीचा मालक स्टुडिओत येऊन बसला की त्याला दणदणीतच ऐकायचं असते, हे मला माहीत आहे, त्याच्यासमोर मोकळा मिक्स वाजवला तर तो म्हणते आवाजच नाही. त्याच्यासाठी मास्टरवर एक हलका फुकटवाला लिमिटर ठेवा, लाउडमॅक्स नावाचा आहे, काही खात नाही, मालक आले की चालू, गेले की बंद. लाउडनेस मोजायला युलीनचा मीटर फुकट मिळतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्हीकडं मोठं गाणं साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) खाली आणतातच, त्यामुळं तुम्ही दोन लिमिटर लावून -६ ला ठेचलं तरी तिथं ते दुसऱ्या गाण्यांएवढंच वाजणार, फक्त थकलेलं वाजणार. भोंग्याचं वेगळं, तिथं कोणी आवाज कमी करत नाही, पण भोंग्यातून खालचा बेस येतच नाही, मग बेस भरून भरून लिमिटरला कशाला मारता, तो काढा, बोलणं आपोआप पुढं येते.

आता त्या गोष्टीवर येतो जी शहरातल्या लेखात कधीच नसते. ऊन. मे महिन्यात आमच्या ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सगळ्यात गरम गावांत तुमच्याच पेपरात छापून येते, पारा ४५ च्या वर. रेकॉर्डिंग करायचं तर पंखा बंद, कूलर बंद, दार-खिडकी बंद, भिंतीला गोधड्या, आत दोन माणसं आणि एक लॅपटॉप. एसी कोणाकडं आहे? प्रोसेसर १०० अंशाच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. उदाहरण द्यायचं तर इंटेलचा आय-फाइव्ह १०२१०यू हा आमच्याकडं बऱ्याच लॅपटॉपात सापडतो, त्याचा टर्बो वेग ४.२ गिगाहर्ट्झ आणि मूळ वेग १.६. दुकानात ४.२ दाखवून विकतात, आणि दुपारी दोन वाजता गोधडीच्या खोलीत तो टर्बोच्या बराच खाली उतरलेला असतो. सकाळी जे गाणं सुरळीत चाललं तेच दुपारी तुटते, आणि पोट्टा म्हणते व्हायरस आला. गेमिंग लॅपटॉप घेतला तर तो आणखी तापतो आणि त्याचा पंखा असा ओरडतो की कंडेन्सर माईकमध्ये तोच पहिला रेकॉर्ड होतो. त्यातलं महागडं ग्राफिक कार्ड तर आपल्या बहुतेक प्लगिनांना काही कामाचं नाही, ते सगळं गणित सीपीयूवरच होते.

म्हणून उन्हाळ्यात गायन सकाळी उरका, मिक्सिंगला कूलर चालू करून बसा, तेव्हा माईक बंदच असतो. लॅपटॉप गादीवर-उशीवर ठेवू नका, खाली पाण्याच्या बाटलीची चार झाकणं लावली तरी हवा खेळते. आणि मळणीचे दिवस गेले की एकदा पंखा उघडून साफ करून घ्या, धानाचा भुसा आणि धूळ बसून आत नमदा तयार झालेला असतो, गावातला मोबाईल रिपेअरवालासुद्धा ते काढून नवीन थर्मल पेस्ट लावून देतो. एवढ्यावर एका पोट्ट्याचा "संपलेला" लॅपटॉप अजून चालू आहे, या सीझनची गाणी त्यानं त्याच्यावरच केली.

लाइनचंही आहे. लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि विंडोज गुपचूप वेग उतरवते, गाणं लगेच तुटायला लागते. पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीसाठी पण हाय परफॉर्मन्स करून ठेवा. आणि मोबाईलचा टाइप-सी चार्जर लॅपटॉपला लावू नका, तो पुरेसे वॉट देत नाही, काही मशीन तेवढ्यावरही वेग कमी करतात. काम करताना वायफाय बंद ठेवा, त्याच्या ड्रायव्हरमुळं मधात मधात टिक-टिक येते, आणि इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारा) असेल तर तोच लावा.

मी नवीन मशीनच्या विरोधात नाही. आठ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, रॅम वाढवा, सॅम्पलवाल्या वाद्यांना त्याचा खरंच फरक पडते. मशीन दहा-बारा वर्षांचं असेल तर त्याला आराम द्या. पण मुद्राच्या शिशू गटात कर्ज मिळते ५० हजारांपर्यंत, त्यात दाखवलेला लॅपटॉप बसत नाही, मग उरलेले जावयाकडून, नाहीतर धान भाव येण्याआधीच विकून, आणि नव्या लॅपटॉपवर तेच टेम्प्लेट उघडून महिन्याभरात पुन्हा "भाऊ, अटकून रायला". एका दुकानदारानं तर आमच्या गावच्या पोट्ट्याला तुटणारं गाणं ऐकून दहा मिनिटांत सांगितलं की प्रोसेसर गेला. प्रोसेसर असा जात नसतो हो, आणि गेलाच तर विंडोजसुद्धा उघडत नाही.

तर आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा "नवीन घ्या" च्या आधी चार ओळी अशा टाका : मास्टर रिकामा करून बघा, बफर बदलून बघा, परफॉर्मन्स मीटर उघडून बघा, पंखा साफ करून बघा. आणि लेखक नागपूर-पुण्याचे असतील तर त्यांना एकदा मे महिन्यात आमच्याकडं पाठवा, जेवायला सावजी नाही पण झुणका-भाकर नक्की मिळेल.

आपला नियमित वाचक,
एक रेकॉर्डिंगवाला,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

ता. क. : एक राहिलं. प्रोसेसर मागं पडल्यानं मिक्स वाजवताना ऐकू आलेली कडकड अंतिम फाइलमध्ये येत नाही, कारण ऑफलाइन रेंडर करताना कॉम्प्युटरला घाई नसते, तो हवा तेवढा वेळ घेऊन गणित पूर्ण करतो. त्यामुळं घाबरून गिऱ्हाईकाचं काम परत करू नका, फाइल काढून ऐका. पण गायक गात असताना कडकड आली तर ती त्या टेकमध्ये, म्हणजे त्या वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये, कायमची बसू शकते, कोणत्याही प्लगिननं नीट निघत नाही, तो टेक गायकाला तिथंच परत गायला लावा, तो घरी जायच्या आधी.